बरं वाटणं आणि बरं होणं

"आता बरं वाटतंय. मग रविवारी मॅच खेळू ना?"

फिजिओथेरपिस्ट म्हणून हे मी आठवड्यातून पाच-सहा वेळा तरी ऐकते. यातलं पहिलं वाक्य खरं असतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण पहिल्यातून दुसरं निघत नाही. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. आपल्या बोलण्यात मात्र दोन्ही इतकी शेजारीशेजारी बसली आहेत की एकीच्या जागी दुसरी वापरली गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. दवाखान्यात "कसं वाटतंय?" विचारतात, घरीही तेच विचारतात. "पायावर किती भार पेलतोय?" असं कुणी विचारत नाही. मग तोच घोटा दुसऱ्यांदा मुरगळतो, मांडीचा तोच स्नायू तिसऱ्यांदा धरतो आणि माणूस म्हणतो, माझं नशीबच वाईट.

बरं वाटणं म्हणजे काय ते सांगायला नको. ठणका थांबतो, सूज उतरते, जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. त्यासाठी बर्फ, शेक, मलम, गोळी, टेप, मालिश असे हजार उपाय आहेत. यातलं काहीही केलं नाही तरी साध्या दुखापतीचं दुखणं बहुतेकदा काही दिवसांत आपसूक ओसरतं. बर्फ की शेक या वादात मी पडत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत शेक टाळावा, पुढे ज्याने आराम पडेल ते करावं. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र 1978 मध्ये मांडणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे बर्फाने भरून येण्याची क्रिया लांबू शकते असं लिहिलं. बर्फाने दुखणं हलकं होतं, त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मात्र एका गोष्टीची मला खरोखर चीड येते. "फिजिओथेरपी घेतली होती" असं कुणी सांगितलं आणि काय केलं विचारलं, की उत्तर येतं, "दहा दिवस मशीन लावलं." अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं यंत्र), टेन्स, आयएफटी (दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाची) यांपैकी एक किंवा तिन्ही. कंबरदुखीसाठी ही तिन्ही वापरू नयेत असं उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. टेन्सने काहींना तात्पुरता आराम पडतो आणि त्या वेळात व्यायाम करून घेता येतो, तेवढं मी मान्य करते. पण माणूस आडवा पडून आहे, यंत्र चालू आहे, वीस मिनिटांनी घंटी वाजली की घरी, याला मी फिजिओथेरपी म्हणणार नाही. त्यात फार तर बरं वाटतं.

आता बरं होणं. याची मी करते ती व्याख्या साधी आहे: दुखावलेल्या भागाने खेळात लागतो तेवढा भार, लागतो त्या वेगाने, थकल्यावरसुद्धा पेलणं. या व्याख्येत दुखण्याचा उल्लेख नाही, आणि तो मी मुद्दाम वगळला आहे.

घोट्याचंच घ्या. उडी मारून खाली येताना पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलं जातं किंवा फाटतं. (लिगामेंटची इजा म्हणजे मुरगळणं आणि स्नायूची इजा म्हणजे लचक किंवा ताण, एवढा भेद पुरे. आणि कृपा करून प्रत्येक गोष्टीला "शीर" म्हणू नका. स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडनही शीर, नसही शीर, रक्तवाहिनीही शीर म्हटलं की नेमकं काय दुखतंय ते शोधण्यातच अर्धा तास जातो.) पहिले काही दिवस तिथे सूज आणि दाह असतो, दुखतं ते मुख्यतः त्यानेच. दाह ओसरला की दुखणं ओसरतं. पण लिगामेंटचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. पुढच्या काही आठवड्यांत शरीर नवे कोलॅजनचे धागे घालतं, तेही घाईघाईत, कसेही, आडवेतिडवे. ते धागे ओढीच्या दिशेने रांगेत येऊन घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. आणि ओढ कोणत्या दिशेने आहे हे शरीराला कळतं ते भारातूनच. भारच पडला नाही तर वीण सैलच राहते. म्हणून महिनाभर पाय उशीवर ठेवणारा माणूसही चुकतो आणि दहाव्या दिवशी मैदानात उतरणाराही.

पण घोट्याच्या बाबतीत खरी गफलत याच्याही पुढची आहे. लिगामेंट म्हणजे नुसता दोर नाही. पाऊल किती कललं आहे याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं त्यात असतात. लिगामेंट फाटतं तेव्हा ती खबर देणारी व्यवस्थाही बिघडते आणि पाऊल कलताच त्याला सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा जागे होतात.

एक बॅडमिंटन खेळणारा मुलगा घोटा मुरगळल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आला. दुखणं शून्य, सूज नाही, चालणं सरळ. मी त्याला चपला काढून चांगल्या पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तीस सेकंद तो सहज उभा राहिला. मग दुसरा पाय. दुसऱ्या सेकंदाला पावलाच्या वरचे टेंडन तारा छेडाव्यात तसे थरथरू लागले, बोटांनी लादी घट्ट धरली, दोन्ही हात पंखांसारखे बाजूला गेले आणि चौथ्या सेकंदाला दुसरा पाय खाली टेकला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा चौथं सेकंद. मी विचारलं, दुखलं का? म्हणाला, अजिबात नाही.

बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यातलं सगळं अंतर त्या चार आणि तीस सेकंदांच्या मध्ये होतं. दुखणं तुम्हाला सावध करायला येतं, पण तोल गेला आहे, ताकद गेली आहे, स्नायू उशिरा जागा होतोय, हे सांगायला ते येत नाही. त्यासाठी मोजावंच लागतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त का असते, त्याचं मोठं कारण इथे आहे. आणि तोल साधण्याचे व्यायाम केले की ती शक्यता कमी होते, हे वारंवार सिद्ध झालं आहे.

गुडघ्याची गोष्ट याहून फसवी. गुडघ्यात पाणी साचलं की मज्जारज्जूच्या पातळीवरच मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम दाबला जातो. दुखत नसलं तरीही. माणूस पूर्ण जोर लावतो, पण स्नायूचा काही भाग कामालाच येत नाही, आणि मांडी हळूहळू बारीक होत जाते. म्हणून मी गुडघ्याच्या प्रत्येक माणसाच्या दोन्ही मांड्यांना टेप लावून घेर मोजते. आकडा समोर दिसला की "पण मला काहीच होत नाही" हे बोलणं थांबतं.

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटच्या, शस्त्रक्रियेनंतर हा फरक सगळ्यात महागात पडतो. दोन-तीन महिन्यांत गुडघा बऱ्यापैकी शांत होतो, हलकं धावणं सुरू होतं आणि खेळाडूला वाटतं आपण तयार आहोत. आत बसवलेलं नवं लिगामेंट मात्र तेव्हा अजून रुजत असतं. नॉर्वेतल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलं. मांडीची ताकद दोन्ही बाजूंना जवळपास सारखी झालेल्यांनाही धोका कमी होता. त्यामुळे नऊ महिने हे माझ्यासाठी कमीत कमी आहे, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरल्याशिवाय मी होकार देत नाही.

मांडीच्या मागच्या स्नायूचं, म्हणजे हॅमस्ट्रिंगचं, आणखी वेगळं. तो बहुधा भरधाव धावताना फाटतो, पाय पुढे फेकला जातो आणि लांब होत असतानाच या स्नायूला तो आवरावा लागतो तेव्हा. चालताना त्याला असं काम कधी पडतच नाही. म्हणजे चालताना दुखत नाही यावरून धावण्याबद्दल काहीही कळत नाही. जे कामच सांगितलं नाही ते करताना दुखणार कसं?

आणि टेंडन तर सरळसरळ चकवतो. टाचेच्या वर, अकिलीसच्या टेंडनमध्ये बिघाड असलेला धावपटू सांगतो: सुरुवातीची पाच-दहा मिनिटं दुखतं, मग अंग तापलं की जातं, म्हणून मी पूर्ण धावून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं तो कशी टाकतो, ते त्याला कुणी विचारलेलं नसतं. टेंडनचा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा. ताठरपणा कालच्याएवढाच असेल तर कालचा भार पेलला, वाढला असेल तर जास्त झाला.

याच टेंडनमुळे नाण्याची दुसरी बाजूही सांगावी लागते. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं जसं नाही, तसं दुखतंय म्हणजे बिघडतंय असंही नाही. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये जुनं अकिलीस दुखणं असलेल्या 15 हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. दुखलं तरी चालू ठेवा असं सांगून. ते सगळे पुन्हा धावू लागले. आज आपण भार मोजूनमापून चढवतो, पण तत्त्व तेच. दहापैकी चार-पाचपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर येतं, ते टेंडनच्या व्यायामात मी चालवून घेते.

पाठीच्या एमआरआयचंही तसंच. ज्यांची पाठ कधी दुखतच नाही अशा लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनवरच्या अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. रिपोर्टमधला "झीज" हा शब्द वाचून वाकणंच सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हलू नका असं सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. अर्थात सगळंच दुखणं सोसायचं नसतं. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा बसण्याची जागा बधिर होत असेल, तर फिजिओकडे न थांबता थेट रुग्णालय.

दुखापत टाळण्याबद्दल लोक वेगळा विषय म्हणून विचारतात, पण तो वेगळा नाही. भार पेलण्याची ताकद दुखापतीनंतर परत मिळवायची तिला बरं होणं म्हणतात, तीच आधी मिळवून ठेवली की दुखापती कमी होतात. फुटबॉलसाठी केलेला फिफा 11+ हा सुमारे 20 मिनिटांचा वॉर्मअप पाहा. त्यात धावणं आहे, ताकद, तोल आणि उड्या आहेत, आणि नियमित करणाऱ्या संघांत दुखापती ठळकपणे घटल्या. हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. तो नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. आणि मैदानाच्या कडेला उभं राहून मांडी ओढत अर्धा मिनिट थांबणं? त्याने बरं वाटतं. वॉर्मअपची जागा ते घेऊ शकत नाही.

त्या बॅडमिंटनवाल्या मुलाला मी आणखी पाच आठवडे थांबवलं. खूप नाराज झाला. आधी एका पायावर उभं राहणं, मग उभं राहून चेंडू झेलणं, मग टाचा उचलणं, मग उड्या, शेवटी कोर्टवर दिशा बदलत धावणं. आठव्या आठवड्याच्या शेवटी दुखऱ्या पायावर सलग पंचवीस टाचा उचलून झाल्या, एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या चार बोटं मागे पडली आणि डोळे मिटून तो सव्वीस सेकंद उभा राहिला. मग मी त्याला रॅकेट उचलायला सांगितलं. दात घासताना तो अजूनही एका पायावर उभा राहतो, सकाळी डाव्या, रात्री उजव्या.