इसब होऊ नये म्हणून क्रीम आणि इसब झालंय म्हणून क्रीम

परवा धाकट्या बहिणीचा कोथरूडवरून फोन आला, "ताई, मी याला पहिल्या आठवड्यापासून रोज मॉइश्चरायझर चोपडतीये, आता इसब होणार नाही ना गं?" बाळ तीन महिन्यांचं, बापाला दमा, हिला स्वतःला थंडी पडली की सकाळी वीस-वीस शिंका, म्हणजे घरात ॲलर्जी आहेच, तेव्हा तिला काळजी वाटणं साहजिक आहे. पण ट्यूब तीच असली तरी चांगल्या त्वचेला इसब होऊच नये म्हणून लावणं वेगळं आणि झालेल्या इसबावर लावणं वेगळं, आणि बहुतेक घरांत हे दोन्ही एकच धरलं जातं.

होऊ नये म्हणून लावायची कल्पना तशी पटण्यासारखी आहे. काही बाळांच्या त्वचेत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन जन्मतःच कमी असतं, त्यामुळे ओलावा टिकत नाही आणि बाहेरचं काहीबाही आत शिरतं, मग वरून क्रीमने लिंपून घेतलं तर? 2014 साली दोन छोट्या ट्रायल आल्या, प्रत्येकी सव्वाशेच्या आसपास बाळं, आणि दोन्हीत इसब कमी झालेलं दिसलं. सगळ्यांना आनंद झाला. मग 2020 मध्ये ब्रिटनची बीप नावाची मोठी ट्रायल आली, ॲलर्जीवाल्या घरातली 1394 बाळं, निम्म्यांना वर्षभर रोज क्रीम, आणि दोन वर्षांची झाल्यावर क्रीमवाल्यांत 23 टक्क्यांना इसब, बाकीच्यांत 25. म्हणजे फरक नाहीच, उलट क्रीमवाल्यांत त्वचेचं इन्फेक्शन थोडं जास्त. 2025 ला अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये मात्र फायदा दिसला, इसबाचं प्रमाण क्रीम न लावणाऱ्यांत 43 आणि लावणाऱ्यांत 36 टक्के, पण तोही जास्त करून घरात ॲलर्जी नसलेल्या बाळांना. बहिणीच्या बाळासारख्यांना खात्री देता येईल असं काही हातात नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

आता इसब झालेलं असेल तर मात्र इथे किंतु-परंतु नाही. गालावर, कपाळावर लाल खरखरीत चट्टे, बाळ दुपट्यावर गाल घासतंय, रात्री खाजेने उठतंय, तेव्हा मॉइश्चरायझर हा उपचाराचा पाया आहे आणि तो दिवसातून अनेकदा लागतो. किती, तर ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्यसंस्थेच्या गाइडलाइनमध्ये मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम म्हटलंय, आणि आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो! आंघोळीनंतर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच लावायचं. चट्टा लाल असेल तर नुसत्या क्रीमने भागत नाही, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम सांगितलं तितके दिवस लावावंच लागतं, त्या शब्दाला घाबरून अर्धवट सोडलं की इसब पुन्हा भडकतं.

आणि आपल्याकडचं तेल आणि डाळीचं पीठ. माझ्या लेकीच्या वेळी मालिशवाल्या मावशींनी प्रेमानेच साय आणि पीठ लावून गाल चोळले, मीही लावू दिलं, संध्याकाळी गालातून पाणी झिरपत होतं आणि दुसऱ्या दिवशी पिवळी खपली धरली, ते इन्फेक्शनच होतं. खरखरीत पीठ चोळणं तर वाईटच, पण फुटलेल्या त्वचेतून दूध, डाळ, शेंगदाण्याचं तेल असलं खाण्यातलं काही आत गेलं की शरीर त्यालाच शत्रू समजायला लागू शकतं, म्हणजे पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी. ऑलिव्ह ऑइल भारीतलं म्हणून आणतात, पण त्याने त्वचेचा थर सैल पडतो असं दिसलंय.

बहीण म्हणाली, मग थांबवू का? मी म्हटलं थांबवू नको, पुण्याच्या कोरड्या थंडीत बाळाची त्वचा मऊ राहते तेवढ्यासाठी लाव, पण बिनवासाचं घे, हात धुऊन लाव, डबा असेल तर बोट न घालता स्वच्छ चमच्याने काढ. आणि गालावर खरखरीत लाल दिसलं तर फोटो मला पाठवत बसू नको, थेट डॉक्टरांकडे ने.