पाटीवरचं अक्षर आणि तोंडातली बोली

मराठीत कशाचीही सुरुवात झाली की आपण 'श्रीगणेशा झाला' किंवा 'ओनामा झाला' म्हणतो. दोन्ही शब्द पंतोजींच्या शाळेतले. 'ॐ नमः सिद्धम्'चं पोरांच्या तोंडी 'ओनामासिधं' झालं, त्यातला हा ओनामा. गंमत म्हणजे गिरवायला पहिलं अक्षर 'श्री', म्हणजे थेट जोडाक्षरच! धूळपाटीवर काडीनं गिरवायचं, गिरवताना मोठ्यानं म्हणायचं आणि संध्याकाळी परवचा. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीन यांचे पाढे. शाळा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई, पण त्या कल्ल्यात पोराचं स्वतःचं असं वाक्य एकही नसे.

1855 साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं आलं आणि शाळेला क्रमिक पुस्तक मिळालं. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याची या पुस्तकांवर मोठी छाप होती. मराठीत विरामचिन्हं रुळली त्याचं श्रेयही त्यांनाच देतात. छापील पुस्तकाबरोबर 'शुद्ध' भाषा आली. ती मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या घरांतली होती. 'मले पानी दे' म्हणणारं वऱ्हाडातलं पोर शाळेत आलं की आधी त्याचा 'मले' दुरुस्त व्हायचा. पाणी मिळायचं ते नंतर.

या दुखण्यावर फार लवकर बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली आणि मोडी आणि बालबोध (देवनागरी) लिपीतलं वाचन-लेखन, हिशेब, शेतीची माहिती असा अभ्यासक्रमही सुचवला. मला त्या निवेदनातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, कारण ते मुलांत मोकळेपणानं मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाचं बोलणं कळायला मास्तरांचा कान तयार हवा, हा त्यातला गाभा मी मानतो. खात्याच्या ते पचनी पडायला फार वेळ लागला. 1917 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या, मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोरं शाळेत आली. वर्गात मात्र 'हाताची घडी, तोंडावर बोट' कायम राहिलं.

ते बोट काढलं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 पासून बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच अंगणात नेली; अंगणवाडीची कल्पना इथलीच. वारली पोरं गुरं राखायला जातात, तर कुरणशाळा. गुरांमागे बसलेल्या मुलाशी बोलायचं ते झाड, पक्षी, पाऊस यांबद्दलच, आणि ते त्याला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक. गाणी, गोष्टी, गप्पा आधी, अक्षर मागून.

तिकडे पुस्तकांची वाट निराळी होती. 1967 साली राज्याची पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती स्थापन झाली, छपाई आणि चित्रं सुधारली. पहिलीच्या पुस्तकांतली एक जुनी अडचण मात्र कानामात्रेची. सुरुवातीला काना-वेलांटी टाळायची, म्हणून वाक्यं व्हायची 'शरद, नळ बघ' या धाटणीची. वाचायला सोपी खरी, पण कुठल्या आईनं मुलाला असं सांगितलंय?

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी ही गाठ वेगळ्या बाजूनं सोडवली. जन्मानं अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पीएचडी केली ती फलटणच्या बोलण्यावरच. कोणत्या पेठेत, कोणत्या घरात मराठी कशी बोलली जाते, हे त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. पुढे प्रगत शिक्षण संस्थेत त्यांनी वाचन शिकवलं ते वर्णमालेच्या क्रमानं नव्हे. थोडी अक्षरं, त्यांच्याबरोबर एखाददुसरी मात्रा, लगेच त्यांचे शब्द आणि त्या शब्दांवर मुलांशी गप्पा. 'क' ते 'ज्ञ' संपेपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं नाही.

2005 पासून मुलांना वाचता येतं का हे तपासणारी 'असर' पाहणी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊ लागली. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट. पाचवीतली कितीतरी मुलं त्या गोष्टीशी अडखळली आणि वाचनाचा प्रश्न पहिल्या पानावर आला. केंद्र सरकारच्या 2021 च्या 'निपुण भारत' अभियानात मौखिक भाषाविकासाला वाचनाआधी जागा मिळाली. त्याच अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्टही आहे. वाचन घड्याळ लावून मोजता येतं, म्हणून वर्गाला भेट द्यायला आलेले साहेब बहुधा उताराच वाचून घेतात. 'काल जत्रेत काय पाहिलंस?' असं विचारलं तर ते पोर मिनिटाला 60 च्या वर शब्द सहज बोलेल. त्यात एखादा 'मले'ही असेल.