देहभान (उपायकेंद्री उपचार व कोचिंग)

समस्येचे मूळ शोधण्यापेक्षा हव्या असलेल्या बदलाचे चित्र स्पष्ट करणाऱ्या संवादात शरीराच्या जाणिवांचा आणि सजगतेचा, म्हणजे सर्रास ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा, उपयोग करण्याची पद्धत. अशा संवादावर उभ्या असलेल्या उपचाराला ‘समाधान-केंद्रित’ असेही म्हणतात. पण मराठी कानाला ‘समाधान’ म्हटले की आधी तृप्ती ऐकू येते, म्हणून येथे ‘उपायकेंद्री’ हा शब्द घेतला आहे. ‘देहभान’ शब्दाची गंमत अशी की तो बहुधा ‘हरपणे’बरोबरच भेटतो. येथे ते राखायचे असते.

उपायकेंद्री उपचार स्टीव्ह डी शेझर (१९४०–२००५) व इन्सू किम बर्ग (१९३४–२००७) या दांपत्याने सहकाऱ्यांसह अमेरिकेतील मिलवॉकी येथे विकसित केला. तेथील ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर १९७८ मध्ये सुरू झाले. ‘रात्री झोपेत चमत्कार होऊन अडचण सुटली, तर सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल?’ हा त्यांचा गाजलेला प्रश्न. अडचण कमी जाणवली असे प्रसंग, म्हणजे अपवाद, शोधणे आणि आजची स्थिती ० ते १० च्या पट्टीवर मांडणे ही आणखी दोन साधने.

या मांडणीत शरीराला सुरुवातीला फारशी जागा नव्हती, आणि तो निव्वळ विसर नव्हता. डी शेझर यांच्यावर तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्श्टाइनच्या भाषाविचाराचा प्रभाव होता. मनाच्या तळाशी काय दडले आहे याचे तर्क बांधण्यापेक्षा बोलण्यात आणि वागण्यात काय दिसते तेवढेच पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘आत काय जाणवते?’ असे विचारले की ओघाने अर्थ लावणे येते, आणि तेच त्यांना टाळायचे होते.

शरीराकडे वळलेली परंपरा वेगळीकडून आली. तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ युजीन जेंडलिन (१९२६–२०१७) यांनी शब्दांत न आलेल्या, पण अंगात जाणवणाऱ्या अस्फुट अर्थाकडे लक्ष वेधले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्याचा सजगता-कार्यक्रम सुरू केला. तो पुढे आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून रूढ झाला. पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष फिरवणे हा त्यातला एक सराव. श्वास, हृदयाचे ठोके, पोटातली हालचाल अशा आतून येणाऱ्या संवेदना टिपण्याच्या क्षमतेला अंतःसंवेदन म्हणता येईल. मेंदूतील इन्सुला या भागाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे.

दोहोंचा मेळ घालताना खरी अडचण तत्त्वाची आहे. सजगता सांगते, जे आहे ते बदलायची घाई न करता पाहा. उपायकेंद्री संवाद पहिल्यापासून हव्या असलेल्या दिशेकडे तोंड करून असतो. व्यवहारात यातून निघालेला मार्ग साधा आहे: क्षणभर थांबून अंगाकडे पाहायचे, आणि जे आढळले त्याचे निदान न करता त्यातून पुढचा प्रश्न घडवायचा. शरीर येथे पुरावा नसते, तपशील पुरवणारा साक्षीदार असते.

उदाहरणार्थ, बैठकीत बोलण्याची वेळ आली की पोटात गोळा येतो, अशी एखाद्याची तक्रार आहे. गोळा कुठून आला हे विचारले जात नाही. ‘गोळा येण्याऐवजी काय असेल?’ हा ‘ऐवजी’ महत्त्वाचा, कारण ‘नसेल’ एवढ्या उत्तरातून काही हाती लागत नाही. ‘पाय जमिनीवर टेकलेले जाणवतील, आवाज मोकळा येईल,’ असे उत्तर आले, की समोर बसलेल्यांच्या ते कशावरून लक्षात येईल, हा पुढचा प्रश्न. येथे आतली जाणीव बाहेर दिसणाऱ्या वागण्याशी जोडली जाते आणि डी शेझर यांचा आक्षेपही बराच सैल पडतो. मग अपवाद: असे पाय टेकलेले याआधी कधी जाणवले होते? पट्टीवर आज ४ असेल, तर ५ वर श्वास कसा चालेल? नुसत्या आकड्यापेक्षा असे उत्तर लक्षात राहते, कारण ते पुन्हा अनुभवता येते.

मराठीत भीतीने छातीत धस्स होते, तसा सुटकेने जीव भांड्यात पडतो. तक्रारी सांगताना पहिल्या जातीचे शब्द आपोआप येतात; दुसऱ्या जातीचे मुद्दाम विचारून बाहेर काढावे लागतात. समुपदेशकाचे कौशल्य बरेचसे तिथेच लागते. शब्द मात्र समोरच्याचेच वापरायचे. त्याने ‘हलके’ म्हटले असेल तर त्याचे ‘शांत’ करायचे नाही.

कोचिंगमध्ये, म्हणजे शिकवणीत नव्हे तर उद्दिष्ट गाठायला संवादातून मदत करताना, हेच प्रश्न कामाच्या उद्दिष्टांसाठी वापरतात. सराव तेथे आणखी आटोपशीर असतो, दोन-तीन श्वासांपुरता.

मर्यादाही आहेत. आघातातून गेलेल्या काहींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष वळवणे असह्य होते, जुन्या आठवणी उसळतात. त्यांना डोळे उघडे ठेवण्याची, खोलीतील एखाद्या वस्तूकडे पाहण्याची किंवा सराव सरळ नाकारण्याची मुभा हवी. तसेच छातीत दुखणे हे प्रत्येक वेळी मनाचे बोलणे नसते. अशा तक्रारीत पट्टीवरचा आकडा विचारण्याआधी डॉक्टरकडे पाठवावे लागते; कोचकडे वैद्यकीय वा मानसोपचाराचे प्रशिक्षण नसेल, तर विशेषच.