ब्लॅक बार्टकडे घोडा नव्हता

जुन्या, कमी पैशांत काढलेल्या वेस्टर्न सिनेमांमुळे स्टेजकोच, म्हणजे प्रवासी आणि टपाल नेणारी घोडागाडी, लुटणारा म्हटलं की भरधाव घोडा, पिस्तुलांचे बार आणि धुळीतला पाठलाग डोळ्यांपुढे येतो. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक बार्ट या लुटारूलाही लोक याच साच्यात बसवतात. शिवाय प्रत्येक लुटीनंतर तो कविता ठेवून जायचा, असंही ठामपणे सांगितलं जातं.

हे खरं नाही. १८७५ ते १८८३ दरम्यान २८ लुटी त्याच्या नावावर लागल्या, आणि त्या त्याने पायी केल्या. जागा निवडायचा ती चढणीची, कारण तिथे घोडे दमून हळू चालतात. डोक्यावर डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पिठाचं पोतं, हातात दुनळी बंदूक. ती त्याने एकदाही झाडली नाही. कविता सापडल्या त्या फक्त दोन, १८७७ आणि १८७८ साली. बाकी ठिकाणी पैशांची फोडलेली पेटी तेवढी उरायची.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं पकडलं जाणं. १८८३च्या नोव्हेंबरमध्ये, पहिली लूट केलेल्या फंक हिलवरच, तो जखमी होऊन पळाला आणि मागे रुमाल राहिला. त्यावर धोब्याची खूण होती. ज्यांचा पैसा या गाड्यांतून जायचा त्या वेल्स फार्गो कंपनीच्या गुप्तहेरांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या लाँड्र्या एकेक करून पालथ्या घातल्या, तेव्हा कुठे नाव हाती लागलं. चार्ल्स बोल्टन म्हणून शहरात राहणारा, नीटनेटक्या कपड्यांतला हा गृहस्थ म्हणजेच चार्ल्स बोल्स. पुढे सॅन क्वेंटिन तुरुंगात चार वर्षं काढून १८८८मध्ये तो सुटला.