रिकामा डवरा आणि जॅझची गिटार

माझा भाचा बारावीत आहे. दारव्हा तालुक्यातलं गाव, घरापुढं अंगण आणि अंगण संपलं की कापूस. ऑर्केस्ट्रातल्या कुणाकडून जुनी गिटार घेऊन तो फोनवर बघत शिकला. आधी सिनेमातली गाणी, मग एकदम जॅझ, आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायचं अमेरिकी संगीत. दिवाळीत गेलो तेव्हा रात्री गिटार घेऊन समोर बसला. 'सा'पासून सगळं स्केल वर, मग खाली, पुन्हा वर. झाल्यावर म्हणाला, "बोटं त पटापट पयतात मामा, पन हे वाजवल्यासारखं काऊन वाटत नाई?"

वाटत नव्हतंच. पाढे म्हटल्यासारखं वाटत होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि उमेदीच्या काळात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार बडवलेली आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न मला दोन्हीकडून लागला.

आधी वेळेचा हिशेब मांडू. जॅझमध्ये मिनिटाला 200 ठोक्यांची लय काही फार नाही. एका ठोक्यात दोन स्वर धरले तर मिनिटाला 400, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला 150 मिलिसेकंद. आवाज कानावर पडला आणि त्याला उत्तर म्हणून बोट हललं, एवढ्यालाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे 'हा स्वर वाजला, आता पुढचा कोणता?' असा विचार करत वाजवणं शरीराला जमणारच नाही. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1951 साली नेमका हाच मुद्दा मांडला. वादकाची बोटं सेकंदाला सोळापर्यंत फटके मारतात. तेव्हा एक हालचाल झाल्याची खबर मेंदूत पोहोचून मग दुसरी सुरू होते, असं असूच शकत नाही. मेंदू चार-सहा हालचालींची मोळी बांधून एकदम पाठवतो. आयत्या वेळी सुचलेलं वाजवणारा वादकसुद्धा बोटांच्या पातळीवर आयत्या मोळ्याच वापरतो. त्यातली कोणती आणि कुठं सोडायची, हे मात्र तो त्या क्षणी ठरवतो.

भाच्याजवळ एकच मोळी होती, अख्खं स्केल.

आता गिटारची खोड बघा. हार्मोनियमवर एका स्वराला एकच पट्टी. गिटारवर पहिल्या, सगळ्यात बारीक, मोकळ्या तारेचा 329.6 हर्ट्झचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी) मिळतो, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही. प्रत्येक स्वराला तीनच जागा धरल्या तरी आठ स्वरांच्या ओळीचे 6,561 मार्ग होतात. त्यातले बहुतेक हाताला झेपणारे नाहीत.

झेपत का नाहीत, हे बघायला गिटारही लागत नाही. तळवा टेबलावर पालथा टेकवा, मधलं बोट आत दुमडून ठेवा आणि बाकीची बोटं एकेक करून उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका मात्र जागची हलणार नाही. बोटं उचलणारा स्नायू हाताच्या पुढच्या भागात, कोपराच्या बाजूला असतो आणि त्याच्या दोऱ्या हाताच्या पाठीवरून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्या आडव्या धाग्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचा वेगळा जादा स्नायू आहे, मधल्या दोघांना नाही. मधलं बोट दुमडलं की अनामिकेची दोरीही अडकते. 'एका बोटाला एक फ्रेट' हा शिकवणीतला नियम कागदावर छान दिसतो, पण चारही बोटं सारखी आहेत असं तो धरून चालतो. तिथंच तो फसतो.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टकडे तर नियम पाळायला बोटंच उरली नव्हती. 1928 साली राहत्या गाडीला आग लागली, तो भाजला आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची अधू झाली. पुढे 1953 मध्ये मरेपर्यंत त्याने एकल वादनात मुख्यतः दोनच बोटं चालवली. चार बोटांचा माणूस एका जागी हात ठेवून आडवा, एका तारेवरून दुसरीवर जातो. जँगोचा हात तारेच्या लांबीत धावायचा. त्याच्या वादनातली ती झेप पुष्कळशी तिथून आली असावी, असं मला वाटतं.

हे झालं डाव्या हाताचं. भाच्याचा खरा घोटाळा उजव्या हातात होता.

पिक, म्हणजे तार छेडायची चपटी नखी, खाली-वर, खाली-वर चालवायची, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. सतारवाल्यांचं दा-रा, दा-रा. आमच्याकडं हे समजवायला डवरा, उभ्या पिकातलं तण काढायचं बैलांचं औत, पुरतो. डवरणी करताना बैल एका तासातून, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून, जातात, धुऱ्यावर (बांधावर) वळतात आणि शेजारच्या तासातून परत येतात. डवरा उचलून रिकामा परत आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. जाताना काम, येतानाही काम. एका तारेवर पिकचं तेच.

अडचण येते ती तार बदलताना. चौथी तार पाचवीच्या खाली असते, म्हणून पाचव्या तारेवर खालचा फटका मारला की पिक पाचवी आणि चौथी यांच्या मधे येऊन थांबते. चौथी तार समोरच असते, जाता जाता वाजवा. पण पाचवीवरचा शेवटचा फटका वरचा असेल, तर पिक पाचवीच्याही वर गेलेली असते. चौथी गाठायला पाचवी न वाजवता ओलांडून यावं लागतं. हाच तो रिकामा डवरा. म्हणून वरच्या सुराकडे जाताना एका तारेवर विषम स्वर, एक किंवा तीन, सोयीचे पडतात. खाली, वर, खाली आणि तोच खालचा फटका पुढच्या तारेत.

दुसरी युक्ती जँगोच्या परंपरेतली. मनगट वाकवून गिटारपासून जरा सुटं धरायचं, म्हणजे वर जाणारा फटका तारांच्या पातळीतून बाहेर, हवेत निघतो. हवेतली पिक कोणत्याही तारेवर उतरू शकते. म्हणून ही मंडळी नवी तार नेहमी खालच्या फटक्याने सुरू करतात, आणि त्यांना एका तारेवर सम संख्या चालते. त्या जोरदार खालच्या फटक्याचा आणखी एक फायदा म्हणजे आवाज. 1934 साली जँगोच्या पॅरिसमधल्या पाच वादकांच्या चमूने सुरुवात केली तेव्हा त्यांच्या गिटारींना वीज नव्हती. अमेरिकी जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीने तर पिकच टाकून दिली आणि अंगठ्याने वाजवलं. आवाज मऊ झाला, शेजाऱ्यांची झोपही वाचली.

इकडं आमचीही वीज गेली. शेतीपंपाची लाईट रात्रीची होती, घराची दिवसाची म्हणा हवं तर. अॅम्प्लिफायर बंद. म्हटलं बरंच झालं, आता हात ऐकू येईल.

त्याला पाच स्वर दिले: रे म ध सां नी. 'सा' म्हणजे सी धरायचा, 'सां' म्हणजे वरचा सा. जॅझमध्ये डी मायनर सेव्हन या कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ) जी सेव्हनवर जाताना ही ओळ पावलोपावली भेटते. 'सां' हा पहिल्या कॉर्डचा सातवा स्वर, तो एक पायरी उतरून 'नी'वर, दुसऱ्या कॉर्डच्या तिसऱ्या स्वरावर टेकतो. तो नेहमीच्या साच्यात वाजवायला लागला. पाचव्या तारेवर पाचवं आणि आठवं फ्रेट, चौथीवर सातवं, तिसरीवर पाचवं आणि चौथं. पाच स्वर, पाच फटके, मधे दोन रिकामे डवरे. तिथंच तो दर वेळी अडखळत होता आणि अडखळणं लपवायला आणखी जोरात मारत होता.

मग तेच पाच स्वर दुसऱ्या वाटेने लावले. पाचव्या तारेवर पाचवं फ्रेट करंगळीने, चौथीवर तिसरं अनामिकेने, तिसरीवर दुसरं मधल्या बोटाने, दुसरीवर पहिलं तर्जनीने. एका तारेवर एकच स्वर, म्हणजे चारही फटके खालीच, खरं तर एकच लांब फटका. शेवटी तर्जनी तारेला किंचित ओढून सोडायची. दुसरी तार मोकळी राहते आणि मोकळी दुसरी तार म्हणजेच 'नी'.

पहिल्यांदा पोत्यातून सोयाबीन सांडावं तसे चारही स्वर एकदम सांडले. या फटक्याचा हाच धोका. पिक उतारावर असते, लय पळते. शिवाय मागचं बोट वेळेवर ढिलं केलं नाही तर स्वर एकमेकांत मिसळून सगळाच कॉर्ड घुमतो. भजनातला खंजिरीवाला जसा मनगटात लय धरून ठेवतो, तशी धरायला सांगितली. पायाने ठोका, प्रत्येक ठोक्याला दोनच स्वर, 'नी' बरोबर तिसऱ्या ठोक्यावर. अर्धा तास गेला असेल. आत बहीण जेवायला हाका मारत होती.

मग एकदा ते लागलं. चार स्वर डुलत आले आणि 'नी' जागेवर बसला, हलकासा, मागच्या 'सां'ला टेकून. भाचा थांबला. उजव्या हाताकडं बघत राहिला.

"मामा, थो 'नी' त मी वाजवलाच नाई."