मॅल्कम (पुरुषनाम)

मॅल्कम : मूळचे स्कॉटलंडमधील एक पुरुषनाम. मध्ययुगीन गेलिक भाषेतील ‘माएल कोलुम’ या जोडनावाचे हे इंग्रजी वळणाचे रूप असून ‘संत कोलुमचा मुंडित भक्त’ असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. येथे कोलुम म्हणजे आयोना बेटावरील मठाचा संस्थापक संत कोलंबा (सु. 521–597). इ. स. 943 ते 1165 या काळात स्कॉटलंडच्या चार राजांचे हे नाव होते. इंग्रजी उच्चारात Malcolm या नावातील दुसरा ‘ल’ अनुच्चारित राहतो. मराठीत ‘मालकम’ हे जुने लेखन रूढ असले, तरी या नोंदीत व्यक्तिनामासाठी उच्चारानुसारी ‘मॅल्कम’ हे रूप वापरले आहे.

नावाच्या उत्तरपदाबद्दल मतभेद नाही. लॅटिन ‘कोलुंबा’ म्हणजे पारवा. ख्रिस्ती परंपरेत तो पवित्र आत्म्याचे प्रतीक आहे. आयरिश भाषेत त्याचे ‘कोलुम’ असे रूप झाले आणि संताला ‘कोलुम किले’ म्हणजे ‘मठाचा पारवा’ असे म्हटले जाऊ लागले. त्याचा चरित्रकार व आयोनाचा नववा मठाधिपती अदोम्नान याने सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या चरित्राच्या प्रस्तावनेत या नावाचा विस्ताराने विचार केला आहे. संदेष्टा योना याचे हिब्रू नाव, ग्रीक ‘पेरिस्तेरा’ आणि लॅटिन ‘कोलुंबा’ या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, हे तो कौतुकाने नोंदवतो. आयोना या बेटाच्या नावाचा मात्र या पारव्याशी संबंध नाही. जुन्या हस्तलिखितांत ते ‘इओवा’ असे असून पुढील नकलनविसांनी ‘व’साठी असलेले अक्षर ‘न’ असे वाचल्यामुळे ‘आयोना’ हे रूप रूढ झाले. कोलंबा आयर्लंडहून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आला ते वर्ष अदोम्नानच्या हिशोबाने 563, तर बीड या इंग्लिश भिक्षूच्या इतिहासानुसार 565 येते. अभ्यासक बहुधा पहिले वर्ष ग्राह्य धरतात.

खरा वाद पूर्वपदाचा आहे. ‘माएल’ (आधुनिक गेलिक ‘मूल’; यातील स्वरासाठी देवनागरीत नेमके अक्षर नाही) या शब्दाचा मूळ अर्थ बोडका, केस किंवा टोक नसलेला असा आहे. शिंगे नसलेल्या गाईला, माथ्यावर झाड नसलेल्या डोंगराला आणि समुद्रात घुसलेल्या उघड्या भूशिराला हाच शब्द लावतात. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येचे ‘मल ऑफ किन्टायर’ हे भूशिर त्याचे परिचित उदाहरण होय. वेल्श भाषेत बोडक्या टेकड्यांच्या नावांत येणारा ‘मोएल’ हा त्याचाच भाऊबंद. मठात प्रवेश करणाऱ्याचे मुंडन होत असे, त्यामुळे ‘माएल’ म्हणजे मुंडित आणि पर्यायाने एखाद्या संताच्या सेवेला वाहिलेला, असा अर्थविकास मानला जातो. या मुंडनाची रीतही वादाचा विषय होती. आयर्लंड व आयोना येथील भिक्षू रोमन पद्धतीप्रमाणे टाळूवरचे केस न काढता डोक्याचा पुढचा भाग कानापासून कानापर्यंत भादरत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 664 मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी येथील धर्मसभेत ईस्टरच्या तिथीबरोबर हा प्रश्नही चर्चिला गेला आणि आयोनाने रोमन रीत स्वीकारली ती आठव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात.

या सरळ दिसणाऱ्या उपपत्तीला एक अडचण आहे. संताचे नाव पुढे जोडलेली माएल ब्रिक्ता (संत ब्रिजिडचा), माएल पात्रिक (संत पॅट्रिकचा), माएल मुरे (मेरीचा) आणि माएल ईसू (येशूचा) ही नावे तीत चपखल बसतात; परंतु आयरिश बखरींत ‘माएल दून’ (दून म्हणजे किल्ला) आणि ‘माएल उमाइ’ (उमा म्हणजे कांसे) अशीही नावे आढळतात. किल्ल्यासाठी किंवा कांशासाठी कोणी मुंडन करून घेत नाही. त्यावरून काहींनी असे सुचवले आहे की येथे दोन भिन्न शब्द एकरूप झाले असावेत : एक बोडका या अर्थाचा, तर दुसरा राजपुत्र किंवा सरदार या अर्थाचा प्राचीन केल्टिक शब्द. दुसरे मत असे, की केस कापणे हे मठवासाच्याही आधी दास्याचे वा चाकरीचे चिन्ह होते आणि ख्रिस्ती नावांनी त्या जुन्या अर्थाचाच उपयोग करून घेतला. माएल कोलुमपुरता विचार केला तर संताशी असलेला संबंध इतका स्पष्ट आहे की मुंडित भक्त हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. ‘कोलुमचा सरदार’ हा अर्थ ओढूनताणून आणावा लागतो. ‘रामदास’सारख्या नावांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही घडण अनोळखी वाटू नये. फरक इतकाच, की गेलिक रचनेत भक्तवाचक पद आधी येते आणि संताचे नाव षष्ठीत नंतर.

हे नाव राजघराण्यात केव्हा आले याचा अंदाज अप्रत्यक्षपणे बांधता येतो. या नावाचा पहिला राजा 943 च्या सुमारास गादीवर आला. त्याचा पिता दुसरा डॉनल्ड 900 मध्ये मरण पावला, म्हणजे मुलाचे नाव त्या वर्षी, त्याआधी किंवा फार तर पुढच्या काही महिन्यांत ठेवले गेले असले पाहिजे. वायकिंगांच्या धाडींमुळे आयोना असुरक्षित झाल्यावर राजा केनेथ मॅकॅल्पिनने कोलंबाचे काही अवशेष सु. 849 मध्ये डंकेल्डला आणवले होते. पुढे स्कॉटांचे सैन्य संताची काठी युद्धात निशाण म्हणून पुढे धरी आणि तिला ‘काथबुआद’ म्हणजे रणविजय असे नाव होते, असे एका आयरिश बखरीत म्हटले आहे. त्यामुळे राजपुत्राला संताचा दास म्हणवण्यात भक्तीइतकेच राजकारणही असावे. पहिला मॅल्कम 954 मध्ये मारला गेला. एका बखरीनुसार हे मर्न्स प्रदेशातील लोकांचे कृत्य, तर नंतरच्या साधनांनुसार मोरे प्रांतातील लोकांचे. दुसऱ्या मॅल्कमने (कार. 1005–34) ट्वीड नदीकाठी कारम येथे उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंब्रियाच्या सैन्याचा पराभव केला. या लढाईचे वर्ष 1018 दिले जाते, क्वचित 1016.

तिसरा मॅल्कम (कार. 1058–93) हा शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातील राजपुत्र म्हणून जगभर माहीत आहे. त्याच्याबद्दलच्या दोन रूढ समजुती आता संशयास्पद ठरल्या आहेत. 1054 मध्ये नॉर्थंब्रियाचा अर्ल (सरदार) सिवर्ड याने मॅकबेथचा पराभव करून ‘कंब्रियनांच्या राजाचा पुत्र मॅल्कम’ याला राजा केले, असे एक इंग्लिश बखरकार सांगतो. हा मॅल्कम म्हणजेच पुढचा तिसरा मॅल्कम, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु इतिहासकार ए. ए. एम. डंकन यांनी 2002 मध्ये हे दोघे वेगळे असून 1054 चा मॅल्कम नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइडच्या राजकुळातील असावा असे प्रतिपादन केले आणि ते मत पटण्याजोगे आहे. दुसरी समजूत ‘कॅनमोर’ या उपनामाची. ‘केन मोर’ म्हणजे मोठे डोके किंवा थोर नायक. हे बिरुद तिसऱ्या मॅल्कमचे म्हणून पाठ्यपुस्तकांत पक्के बसले आहे. मात्र अल्स्टरच्या बखरीत ते 1165 च्या मृत्युनोंदीत हेन्रीचा पुत्र माएल कोलुम, म्हणजे चौथा मॅल्कम, याला लावलेले आढळते. ते मूळचे पणतूचे असून पुढे चुकून पणजोबाला चिकटले असण्याचा संभव आहे.

मार्गारेट या इंग्लिश राजकन्येपासून तिसऱ्या मॅल्कमला झालेल्या सहा मुलग्यांपैकी एकाचेही नाव गेलिक नाही. एडवर्ड, एडमंड, एथेलरेड आणि एडगर ही नावे आईच्या माहेरची; अलेक्झांडर व डेव्हिड ही स्कॉटिश राजघराण्याला तोवर परकी असलेली. डेव्हिडच्या वंशात मॅल्कम हे नाव परत आले. त्याचा बारा वर्षांचा नातू 1153 मध्ये चौथा मॅल्कम म्हणून राजा झाला, अविवाहित राहिल्याने त्याला ‘मेडन’ म्हणजे कुमारी हे बिरुद मिळाले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तो जेडबरा येथे वारला. त्यानंतर या नावाचा राजा झाला नाही. लेनॉक्स व फाइफच्या अर्लांच्या घराण्यांत मात्र ते चालू राहिले. राजा रॉबर्ट ब्रूसचा पाठीराखा लेनॉक्सचा अर्ल मॅल्कम 1333 मध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत पडला. सामान्य घरांत थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची जी स्कॉटिश चाल आहे, तिनेही असली जुनी नावे टिकवून धरली.

‘माएल’ऐवजी ‘गिल्ला’ (सेवक, पोऱ्या) हे पद जोडून ‘गिल्ला कोलुम’ असेही नाव होत असे. त्याचे आधुनिक रूप ‘गिली कॅलम’ हे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड भागातील खेळांतील प्रसिद्ध तलवारनृत्याचे नाव आहे. यात जमिनीवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तलवारी, किंवा एक तलवार व तिचे म्यान, यांनी केलेल्या चार घरांत नर्तक चवड्यांवर उड्या घेत पाऊल टाकतो. स्पर्धेत पात्याला पाय लागला तर गुण जातात, तलवार जागची हलली तर नर्तक बाद होतो. शत्रूच्या तलवारीवर आपली तलवार टाकून तिसऱ्या मॅल्कमनेच हा नाच प्रथम केला, ही कथा आकर्षक आहे. तिला समकालीन आधार नाही.

नावाचे आडनावही झाले. आर्गाइलमधील पोल्टालॉकच्या मॅक्‌कॅलम घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅल्कम हे आडनाव घेतले. दक्षिणेकडील डम्फ्रीसशरच्या मॅल्कम कुटुंबात सर जॉन मॅल्कम (1769–1833) जन्मले. 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो त्यांच्याकडे आणि त्याला सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन ठरवले तेही त्यांनीच. 1827 ते 1830 या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून त्यांनी महाबळेश्वरचे गिरिस्थान वसवले आणि तेथील बाजारपेठेला ‘मालकम पेठ’ हे नाव पडले. पेठेला मिळालेले नाव गव्हर्नरांचे आडनाव आहे, व्यक्तिनाम नव्हे, हे मराठी लेखनात सहसा ध्यानात घेतले जात नाही.

व्यक्तिनाम म्हणून मॅल्कमचा प्रसार विसाव्या शतकात स्कॉटलंडबाहेरही झाला आणि शतकाच्या मध्यास ते इंग्लंडमध्ये चांगलेच परिचित होते. वेगाचे विक्रम करणारे मोटारचालक सर मॅल्कम कॅम्बेल (1885–1948), ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान मॅल्कम फ्रेझर व मॅल्कम टर्नबुल, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स (1925–65) आणि कसोटीत 376 बळी घेणारे बार्बाडोसचे वेगवान गोलंदाज मॅल्कम मार्शल (1958–99) ही काही उदाहरणे. मुंबई, वसई व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांतही हे नाव आढळते. आता खुद्द स्कॉटलंडमध्ये नवजात मुलांना ते क्वचितच ठेवले जाते. त्याऐवजी पूर्वपद गळालेले ‘कॅलम’ हे रूप पुढे आले असून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते तेथील पहिल्या दहा नावांत होते. मॅल्कमची लघुरूपे ‘मॅल’ व ‘माल्की’ अशी आहेत. मुलीसाठी ‘मॅल्कमिना’ हे रूप हायलंडमध्ये होते. बापाच्या किंवा आजोबांच्या नावाला ‘इना’ जोडून मुलीचे नाव करण्याच्या तेथील प्रथेतून डोनाल्डिना, ह्यूइना अशा नावांबरोबरच ते तयार झाले.