ध्वजाधिकारी (गोवा)

रिअर अॅडमिरल व त्यावरच्या हुद्द्याच्या नौदल अधिकाऱ्यास ध्वजाधिकारी म्हणतात. तो ज्या जहाजावरून हुकमत चालवतो, त्याच्या डोलकाठीवर त्याच्या हुद्द्याचा ध्वज चढतो आणि जहाजाची नेहमीची लांब, निमुळती पताका उतरते. ब्रिटिश रिवाजात पांढऱ्या ध्वजावर लाल क्रूस. व्हाइस अॅडमिरलला त्यावर एक लाल गोळा, रिअर अॅडमिरलला दोन. म्हणजे गोळे कमी तितका माणूस मोठा. अधिकाऱ्याच्या मोटारीवरच्या ताऱ्यांचा हिशेब याच्या नेमका उलटा.

गोव्यात दर्यावरचा हुद्दा ही जुनी गोष्ट. पोर्तुगालच्या राजाने वास्को द गामाला ‘हिंदी समुद्राचा अॅडमिरल’ ही पदवी दिली होती, आणि आज भारतीय नौदलाचे गोवा क्षेत्र मुख्यालय त्याच्याच नावाच्या शहरात आहे. कोकणपट्टीत मराठ्यांचे शब्द वेगळे होते: दर्यासारंग, सरखेल. कान्होजी आंग्रे सरखेल होते. मुंबईतला नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ त्यांच्याच नावाचा.

18 डिसेंबर 1961 रोजी, गोवामुक्तीच्या कारवाईत, भारतीय आरमाराचे ध्वजाधिकारी रिअर अॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण होते. क्रूझर ‘म्हैसूर’ अंजदीव बेटाकडे होती, तर मुरगाव बंदराच्या तोंडाशी ‘बेतवा’ व ‘बियास’ या युद्धनौकांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज गाठले. जहाजाचा कप्तान जबर जखमी झाला. शरणागतीचा पांढरा बावटा चढवला, पण वाऱ्याने तो डोलकाठीलाच गुंडाळला गेला, म्हणून तो दिसला नाही आणि मारा काही वेळ चालूच राहिला, असे सांगतात. सोमण 1962 मध्ये नौदलप्रमुख झाले.

त्या पदाचे नावही बदलत गेले. 1947 मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ होते रिअर अॅडमिरल हॉल. 1955 मध्ये ‘नौदलप्रमुख’ हे पद आले. 1958 मध्ये कटारी पहिले भारतीय प्रमुख झाले. 1 मार्च 1968 रोजी ए. के. चटर्जी पहिले भारतीय पूर्ण अॅडमिरल झाले. तोवर भारतीय प्रमुखाची मजल व्हाइस अॅडमिरलपर्यंतच होती.

नौदलाचे निशाण मात्र अस्थिर. 2001 मध्ये ब्रिटिश रिवाजातून आलेला क्रूस काढून पांढऱ्यावर निळे बोधचिन्ह आणले. समुद्र-आभाळाच्या निळाईत ते ओळखू येईना, तेव्हा 2004 मध्ये क्रूस परतला. 2 सप्टेंबर 2022 रोजी तो कायमचा गेला आणि शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. अधिकाऱ्यांचे ध्वजही त्यानुसार बदलले. 4 डिसेंबर 2023 रोजी, गोव्याच्या उशालगत मालवणात, नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांनाही तेच वळण देण्याची घोषणा झाली.

गोव्यात रिअर अॅडमिरल दर्जाचा एकच अधिकारी दोन खुर्च्या सांभाळतो: गोवा क्षेत्राचा ध्वजाधिकारी आणि नौदल विमानदलाचा ध्वजाधिकारी. कारण दाबोळी. ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ 1964 मध्ये कोइम्बतूरहून तिथे आला. तिथल्या धावपट्टीवर उतरणारा पर्यटक याच ध्वजाधिकाऱ्याच्या अंगणात पाय ठेवतो. बहुतेकांच्या ते गावीही नसते.